मिस्त्रींच्या वाटणीचे सिंह

आफ्रिकेत झाडावर चढून बसलेले सिंह मी पाहिले आहेत. लग्नकार्यात चार माणसं जमली की हा विषय निघतो, बहुतेक वेळा माझी बायकोच काढते. मग मी सांगतो आणि लोक मन लावून ऐकतात. सांगताना एक गोष्ट मात्र मी नेहमी गाळतो. त्या दिवशीची जीपमधली जागा माझी नव्हती. ती मी खोटं बोलून मिळवली होती, आणि ज्यांची ती होती त्यांना हे कधीच सांगितलं नाही. ते आता हयात नाहीत. म्हणून मला लिहायचा धीर होतो आहे, आणि तो कसला धीर आहे हे मला कळतं.

ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं होती. आम्ही घाटकोपर पश्चिमेला, डोंगराच्या उतारावरच्या एका बैठ्या चाळीत राहत होतो. आमच्यापासून तिसरं दार मिस्त्रींचं. मूळचे मालवणकडचे. तरुणपणी परळच्या एका गिरणीत बॉयलरवर होते, पुढे भांडुपला बॉयलर बनवणाऱ्या कारखान्यात लागले. मी आयटीआय करून घरी बसलो होतो तेव्हा त्यांनीच मला तिथे चिकटवलं. हातोडी कशी धरायची इथपासून सगळं मी त्यांच्याकडून शिकलो.

त्यांची ख्याती होती ती पहिल्या आगीसाठी. नवा बॉयलर उभा राहिला की त्याच्या पोटातली विटांची भट्टी आधी सुकवावी लागते. चार-पाच दिवस लाकडांची मंद आग ठेवायची आणि ती हळूहळू वाढवत न्यायची. घाई झाली की विटांतलं पाणी आतल्या आत उकळतं, भट्टीला तडे जातात आणि सगळं बांधकाम पाडून पुन्हा करावं लागतं. उष्णता दाखवणारा काटा असे, पण मिस्त्री आधी विटांवर तळहात ठेवत आणि मग काट्याकडे बघत. दोघांचं जुळलं नाही तर ते तळहाताचं खरं मानत.

चाळीतही त्यांचं तसंच होतं. नळावर भांडण झालं की दोन्हीकडच्या बायका त्यांच्या दारात येत. ते फार बोलत नसत. जे डोळ्यांनी पाहिलं असेल तेवढंच सांगत आणि पाहिलं नसेल तर "माका ठावक नाय" म्हणून मोकळे होत. त्यामुळे "मिस्त्री म्हणाले ना? मग झालं" हे चाळीत शेवटचं वाक्य असे.

टांझानियातल्या एका कापडगिरणीने आमच्या कारखान्याकडून बॉयलर घेतला. तो बसवायला मिस्त्री आणि त्यांच्या हाताखाली मी, असे दोघे जाणार असं ठरलं. निघायच्या आदल्या आठवड्यात शेजारचे बँकवाले एक इंग्रजी साप्ताहिक घेऊन आले. हे एका बँकेत कारकून होते, आणि सगळी चाळ त्यांना बँकवाले म्हणे.

"मिस्त्री, तुम्ही चाललात त्या देशात सिंह झाडावर चढतात म्हणे!"

"सिंह काय माकड आसा?"

"अहो, छापून आलंय."

"छापतत कायव."

माझी आई दारात तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "बोरिवलीच्या पार्कातले तर बसल्या जागचे उठत नाहीत. गाडी आली काय, गेली काय. ते कुठले झाडावर चढतायत!"

बँकवाल्यांनी साप्ताहिकाची गुंडाळी केली. "मग असं करू या. मिस्त्री, तुम्हीच बघून या. तुम्ही हो म्हणालात तर हो, नाही म्हणालात तर नाही. काय?"

मिस्त्री हसले. "बगल्याशिवाय सांगूचंय नाय. बगलंय तर सांगतलंय."

बघता बघता ही चाळीची पैजच झाली. विमानतळावर जायला निघताना टॅक्सीत बसेपर्यंत लोक "मिस्त्री, सिंह!" म्हणून ओरडत होते. मला कोणी काही सांगितलं नाही. मी हाताखालचा माणूस. मला आठवतं, टॅक्सीत मला त्याचा राग आला होता.

तिकडे दोन महिने काम चाललं. भट्टी बांधून झाली, पहिली आग पेटली. तिसऱ्या दिवशी, शनिवारी दुपारी, गिरणीचे मॅनेजर आले. तिकडेच जन्मलेले गुजराती गृहस्थ. ते म्हणाले, "मेरा भाई कल जंगल जा रहा है. शेर देखने. जीप में एक जगह है, मिस्त्रीजी को भेज दो."

मिस्त्रींनी बुशशर्ट धुऊन दोरीवर टाकला. संध्याकाळी मला म्हणाले, "काकीक पत्र लिव." काकी म्हणजे त्यांची बायको. मिस्त्रींचं अक्षर कोणाला लागत नसे, म्हणून पत्रं मीच लिहीत होतो. "उद्या रविवारी सिंह बघायला जात आहे. आल्यावर सर्व सांगेन." एवढंच त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं. ते पत्र टपालात पडलंसुद्धा. म्हणजे काय होणार आहे ते मला पुरतं माहीत होतं.

माझं लग्न ठरलेलं होतं, मुलगी मुलुंडची. मी मित्राचा कॅमेरा मागून आणला होता आणि दोन महिन्यांत त्यातून बॉयलरशिवाय काही निघालं नव्हतं. मुलुंडच्या घरी जाऊन काय दाखवणार, नळ्या आणि विटा? हे कारण मी तेव्हा स्वतःला दिलं. आता वाटतं, कारण त्याहून साधं होतं. त्यांना मिळत होतं ते मला हवं होतं.

रविवारी सकाळी आगीवर मी होतो. सहाच्या सुमाराला मिस्त्री तयार होऊन आले. भांग पाडलेला, बुशशर्टाची गळ्यापर्यंत बटणं लावलेली. जाण्याआधी विटांवर हात ठेवायला आले होते. मी म्हणालो, "मिस्त्री, मघाशी काटा एकदम वर गेला होता. मला आवरेचना. लाकडं ओढून काढली तेव्हा उतरला."

काटा जागचा हलला नव्हता.

त्यांनी विटांवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. त्यांना काही लागलं नसणार, कारण लागण्यासारखं काही नव्हतंच. पण त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "दीसभर एकट्याक जमात तुका?"

"खरं सांगू? भीती वाटतेय."

हे वाक्य मी आधीच जुळवून ठेवलं होतं. भट्टीवर संशय आला की ते तिला सोडून जाणार नाहीत हे मला पक्कं माहीत होतं; त्यांनीच मला तसं शिकवलं होतं. त्यांनी गळ्याचं बटण काढलं. म्हणाले, "मगे तू जा. जागा फुकट कित्याक घालवतलंस? घाबारलेल्या माणसान आगीपाशी बसा नये."

मी दोनदा "नको, नको" म्हणालो. कॅमेरा तेव्हा माझ्या खांद्याला होता.

सिंह दिसले. एका तळ्याच्या अलीकडे, आपल्या बाभळीसारख्या पण वरून छत्रीसारख्या पसरलेल्या एका झाडावर चार सिंहिणी होत्या. आडव्या फांद्यांवर पोट टेकून पडलेल्या, चारही पाय दोन्ही बाजूंना लोंबत सोडलेले. ओलं गोणपाट वाळत घालावं तसं. श्वासाबरोबर त्यांची पोटं फांदीच्या दोन्ही अंगांनी फुगत होती. ड्रायव्हर म्हणाला, खाली माश्या फार चावतात, वर वारा असतो, म्हणून चढत असतील. नक्की कोणाला माहीत नाही. पाऊण तासाने त्यांतली एक उठली आणि उतरायला लागली. शेपटीकडून, उलटी. मागचा पाय चाचपत खाली सोडायचा, खोड लागेना की पुन्हा वर घ्यायचा. शिडी नसताना आमची आई पोटमाळ्यावरून उतरायची ते मला आठवलं. शेवटचं चार हात अंतर ती चक्क घसरली, धप्पकन पडली आणि इकडेतिकडे बघून चालू लागली, जणू पडलीच नाही. जीपमधले सगळे हसले. मीही हसलो. ड्रायव्हरने माझा फोटो काढला: जीपमध्ये उभा मी, मागे झाड.

परत आलो तेव्हा मिस्त्री स्टुलावर बसले होते. बुशशर्ट काढून खिळ्याला टांगलेला, अंगात बनियन. "दिसले?" एवढंच विचारलं. मी हो म्हणालो. मग त्यांनी सगळं खोदून खोदून विचारलं. फांदी किती जाडीची? जमिनीपासून किती उंच? नखं बाहेर होती की आत? "उतारताना त्वांड खाली की शेपूट?" शेपूट म्हटल्यावर त्यांनी मांडीवर थाप मारली. "बरोबर! माझो अंदाज तोच!" इतक्या आनंदाने ऐकणारा माणूस मला पुन्हा भेटला नाही. त्यांनी आदळआपट केली असती तर मला सोपं गेलं असतं.

महिन्याभराने आम्ही परतलो. सुखरूप आलो म्हणून काकींनी सत्यनारायण घातला. मिस्त्रींच्या खोलीत आणि बाहेरच्या पडवीत मिळून सगळी चाळ. मुलुंडहून माझे होणारे सासू-सासरे आले होते, मुलगीही होती. पूजा झाली, शिऱ्याचे द्रोण वाटले गेले आणि बँकवाल्यांनी सुरुवात केली.

"हं मिस्त्री! पत्र आलं होतं तुमचं, काकींनी सगळ्यांना वाचायला लावलं. बोला आता. चढतात का?"

मिस्त्रींनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग सासऱ्यांकडे. "चढतत," ते म्हणाले.

"पाहिलेत?"

"बगलंय."

मग लोक ऐकेनात. त्यांना सगळं हवं होतं. आणि मिस्त्रींनी सांगितलं. मी सांगितलेलंच, पण किती छान सांगितलं! फांदीची जाडी दोन्ही हातांनी दाखवली. ती सिंहीण उतरताना स्वतः उठून, पाठमोरे होऊन, धोतराचा सोगा धरून एक पाय मागे सोडून दाखवला. पडवीतल्या बायका हसून हसून डोळे पुसत होत्या. माझी होणारी बायको तोंडाला पदर लावून हसत होती. ती त्यांच्याकडे बघत होती. माझ्याकडे कोणीच बघत नव्हतं.

"फोटो होते ना रे तुझ्याकडे?" बँकवाले म्हणाले. मी घरी जाऊन पाकीट आणलं. आणायची गरज नव्हती. स्टुडिओतून आले नाहीत म्हणालो असतो तर कोणी शोधायला येणार नव्हतं. फोटो हातोहात फिरला.

"हा तर एकटाच दिसतोय. मिस्त्री, तुम्ही कुठायत?"

"मगे फोटो कोणी काढल्यान?" मिस्त्री म्हणाले आणि लोक हसले. तिथे ते मिटलं असतं.

पण बँकवाले गमतीच्या भरात होते. माझ्याकडे वळून म्हणाले, "मिस्त्री आणि कॅमेरा? यांनी आयुष्यात कॅमेरा हातात तरी धरलाय का! खरं सांग हां. पूजेचा प्रसाद आहे हातात."

प्रसाद हातात घेऊन खोटं बोलू नये असं आमच्यात मानतात. त्या क्षणी मला तो आधार फार सोयीचा वाटला. मी म्हणालो, "नाही, मिस्त्री बॉयलरवर होते. मी एकटाच गेलो होतो."

खोटं बोलून मी त्यांची जागा घेतली होती आणि खरं बोलून त्यांची अब्रू. प्रसादाचं भय मला मुळीच नव्हतं. माझे सिंह दुसरंच कोणी सांगतंय आणि माझ्यापेक्षा चांगले सांगतंय, हे मला सहन झालं नाही.

 मग मागून कोणीतरी फिसकन हसलं आणि सगळेच हसायला लागले. काकी रिकामी परात घेऊन आत गेल्या त्या बाहेर आल्याच नाहीत. सिंहीण दाखवायला उठलेले मिस्त्री अजून उभेच होते. ते सावकाश खाली बसले. म्हणाले, "होय. ह्यो गेल्लो. मी नाय."

त्यानंतरच्या गोष्टी लहान आहेत. नळावर पुढचं भांडण झालं तेव्हा मिस्त्री काही सांगायला लागले, तर एक बाई म्हणाली, "हे तरी बघितलंय का, का झाडावरचंच?" ती चेष्टाच होती, तिच्या मनात काही नसेल. पण त्यानंतर मिस्त्रींनी नळावरचं भांडण सोडवल्याचं मला आठवत नाही. लोक दारात गेले तर "माका ठावक नाय" म्हणत. बँकवालेसुद्धा ओशाळले होते, एकदा मला म्हणाले, "तू हो म्हणायचंस रे, येड्या. मी आपली मजा करत होतो." मी म्हणालो, "प्रसाद होता ना हातात." ते माझ्याकडे बघत राहिले.

माझ्याशी मिस्त्री पूर्वीसारखेच वागत होते. असं का ते मला कळत नव्हतं, आणि खरं तर कळून घ्यायचंही नव्हतं.

लग्नानंतर काही महिन्यांनी मला पहिल्यांदा एकट्याच्या जबाबदारीवर काम मिळालं. गोवंडीच्या पुढे, ट्रॉम्ब्याच्या रस्त्यावर एका साबणाच्या कारखान्यात बॉयलर बसवला होता. पहिली आग मी पेटवायची होती. सकाळी पोचलो तर फाटकापाशी मिस्त्री. हातात डबा, काखेत छत्री. त्यांनी रजा टाकली होती.

"तुम्ही कसे इथे?"

"तिकडे तुका जमाक नाय ना," ते म्हणाले. "भिया नको. मी आसय. ह्या टायमाक शिकान घे बरोबर."

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता. काटा वर गेला यावर, मला आवरलं नाही यावर, भीती वाटते यावर. इतके महिने ते मनात धरून होते की हा पोरगा आगीला भितो आणि याला शिकवायला आपण कमी पडलो.

चार दिवस ते रोज घाटकोपरहून येत राहिले. मला दोन वर्षांपूर्वीच येत होतं ते त्यांनी पहिल्यापासून शिकवलं. लाकूड कुठल्या बाजूने सरकवायचं. विटांना घाम फुटला की थांबायचं. "विटेर हात ठेय. आसो नाय, पुरो तळवो." मी शिकत असल्यासारखं केलं. हे लिहायला जड जातंय, पण दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम एक लाकूड जास्त टाकलं, त्यांनी चूक काढावी म्हणून. त्यांनी ती काढली आणि न रागावता समजावून सांगितली.

तिसऱ्या दिवशी दुपारी डबा खाताना मी विचारलं, "मिस्त्री, त्या दिवशी पूजेला तुम्ही... तुम्ही 'मी गेलो नाही' असं सांगितलं असतं तरी चाललं असतं की."

"कसा चाललां असतां?" ते घास चावत म्हणाले. "नाय गेलंय म्हटल्यार लोक इचारतले, कित्याक नाय? तुझ्या सासरची माणसा बसलेली समोर. जावयाक आग जमाक नाय, असा सांगूचा त्यांका?" मग पुढचा घास मोडत, "तू बोल्लंस ता बरोबरच. प्रसाद हुतो. माझीच चूक."

ज्या माणसाने न पाहिलेली गोष्ट कधी सांगितली नव्हती, त्याने ती एकदा सांगितली होती, आणि ती मला झाकायला. माझ्याच थापेतून मला वाचवायला. त्यांनी स्वतःचा शब्द खर्चून टाकला होता आणि वर स्वतःला दोष देत होते. मी तेव्हा तिथे बोलायला हवं होतं. आजूबाजूला कोणी नव्हतं, भट्टीचा आवाज सोडला तर शांत होतं. मी सुरुवातही केली. "मिस्त्री, त्या सकाळी काटा..."

"ता सोड आता," ते म्हणाले. "झाला ता झाला. लाकूड बघ."

मी लाकूड बघायला उठलो. फार आनंदाने उठलो.

चौथ्या दिवशी कारखान्याचे इंजिनिअर आले. भट्टीत डोकावून पाहिलं, कुठे तडा नाही. "छान झालंय काम," ते मला म्हणाले. मिस्त्री पुढे झाले. पूजेनंतर त्यांचा आवाज इतका मोठा मी ऐकला नव्हता.

"ह्येका मी शिकयलंय, सायेब. आदी भियायचो आगीक. आता बगा!"

इंजिनिअर हसून म्हणाले, "असं? खरंच भीत होतात?"

मिस्त्री माझ्याकडे बघत होते. माझं उत्तर काय येणार याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती, फक्त वाट बघणं होतं. त्यांचे सिंह गेलेच होते, चाळीतली पत गेली होती, आता खरं सांगितलं तर हे चार दिवसही जातील, असा हिशेब मी तेव्हा केला. तो त्यांच्यासाठी केला की माझ्यासाठी, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. बायकोलाही मी हे आजवर सांगितलेलं नाही. इथे वाचेल तेव्हा कळेल.

"हो," मी म्हणालो. "फार भीत होतो. मिस्त्री होते म्हणून जमलं."